दहा ओळींचं टिपण

पुण्यातल्या सदाशिव पेठेच्या अभ्यासिकांमध्ये ‘एसीआयओ’ची जाहिरात आली की एमपीएससीची पुस्तकं काही दिवस बाजूला सरकतात. इंटेलिजन्स ब्युरोतलं, म्हणजे आयबीतलं, असिस्टंट सेंट्रल इंटेलिजन्स ऑफिसर (श्रेणी दोन) हे पद. कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, खुल्या गटाला वयाची अट २७ वर्षं, मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून. २०२३ साली ९९५ जागा निघाल्या, २०२५ साली तब्बल ३,७१७. गर्दी लोटायला एवढं पुरतं.

पहिल्या टप्प्यात १०० प्रश्न, ६० मिनिटं आणि चुकलेल्या उत्तराला पाव गुण वजा. त्याची घोकंपट्टी मुलं बरोबर करतात. अडतात ती दुसऱ्या टप्प्यावर, ५० गुणांच्या लेखी पेपरात. त्यानंतर १०० गुणांची मुलाखत. मी या मुलांना लेखन शिकवते. पेपर इंग्रजीत असला तरी सराव मराठीतूनच सुरू करते, कारण बहुतेकांची अडचण भाषेआधी विचारातच असते.

आमच्याकडे जिल्हा विशेष शाखेतून निवृत्त झालेले एक अधिकारी प्रत्येक बॅचची एक दुपार घेतात. येताना पिवळ्या फायलीत सात कागद आणतात. सगळे त्यांनीच रचलेले, तालुकाही काल्पनिक. कांद्याचे भाव पडलेत, शुक्रवारी रास्ता रोको होणार अशी चर्चा आहे. फायलीत स्थानिक दैनिकाचं कात्रण, पोलीस ठाण्याच्या गोपनीय अंमलदाराचा अहवाल, बातमीदाराने फोनवर सांगितलेलं, व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर, बाजार समितीतली आवक आणि दोन निवेदनं. चाळीस मिनिटांत पोलीस अधीक्षकांसाठी दहा ओळींचं टिपण लिहायचं.

मुलं झपाझप लिहू लागतात. गेल्या बॅचमधल्या एका मुलीचं टिपण सरांनी सगळ्यांसमोर वाचलं. शेवटची ओळ होती, ‘परिसरात तणावाचे वातावरण असून अनुचित प्रकार घडण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ सरांनी लाल पेनाने त्यावर आडवी रेघ मारली. “हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावाला, वर्षातल्या कुठल्याही दिवशी लागू पडतं. एसपी साहेबांनी यावर काय करायचं? किती माणसं लावायची, कुठं लावायची?”

मग आकड्याकडे वळले. जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं होतं की पाच हजारांचा जमाव येणार आणि याला तीन ठिकाणांहून दुजोरा आहे. सरांनी तिन्ही कागद टेबलावर शेजारी-शेजारी मांडले. व्हॉट्सॲपचा मजकूर मंगळवार रात्रीचा. कात्रण बुधवारचं, त्यात ‘समाजमाध्यमांवरील आवाहनानुसार’ असं बारीक अक्षरात छापलेलं. बातमीदाराचा फोन बुधवारी दुपारचा, आणि त्याने वापरलेले शब्द त्या बातमीतलेच. म्हणजे एकच मजकूर तीन तोंडांनी बोलत होता. वर्गात कुणी बोलेना.

अंमलदाराचा अहवाल मात्र कुणाच्याच टिपणात नव्हता, कारण तो रुक्ष होता. अंमलदार स्वतः आंदोलकांच्या बैठकीला हजर होता. बैठकीला तीन गावांतली चाळीसेक माणसं होती, ट्रॅक्टर आणायचं ठरलं, जागा चौफुली. बाजार समितीच्या कागदावरून कळत होतं की शुक्रवारी आवक सर्वात जास्त असते, त्यामुळे ट्रॅक्टर तसेही रस्त्यावर असणारच. हे दोन कागद जोडले की टिपण आपोआप आकार घेतं. रास्ता रोको होण्याची शक्यता जास्त, हजारोंचा जमाव जमण्याची कमी, वाहतुकीची कोंडी जवळपास नक्की. पाहिलेलं कोणतं, ऐकलेलं कोणतं आणि आपला अंदाज कोणता, हे वेगवेगळ्या ओळींत. अंदाज चुकला तर कशामुळे चुकेल, हेही एका ओळीत.

माहितीची अशी प्रतवारी काही सरांनी शोधलेली नाही. ब्रिटिश नौदलाच्या पठडीतून आलेली पद्धत नाटो देशांच्या फौजा आजही वापरतात. माहिती देणाऱ्याला ‘ए’ ते ‘एफ’ अशी श्रेणी, माहितीला १ ते ६. दोन्ही वेगळ्या लावायच्या, कारण भरवशाचा माणूसही चुकीची बातमी आणू शकतो आणि लबाड माणसाची बातमी खरी निघू शकते.

माहिती पारखून जोडण्याचं हे काम दुर्लक्षित राहिलं की काय होतं, ते मुंबईने भोगलं आहे. २६/११ नंतर राज्य सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीत दुसरे सदस्य होते व्ही. बालचंद्रन, महाराष्ट्र केडरचे आणि ‘रॉ’त वरिष्ठ पदावर राहिलेले. ऑगस्ट २००६ पासून आलेल्या २६ इशाऱ्यांची समितीने नोंद घेतली. त्यातले सहा समुद्रमार्गे हल्ल्याचे, अकरा एकाच वेळी अनेक ठिकाणच्या हल्ल्यांचे होते. मात्र त्यांचा एकत्र अर्थ लावून कृतीपर्यंत नेण्याच्या कामात राज्य पातळीवर गोंधळ होता, असा समितीचा ठपका होता. हल्ल्यानंतर वेगवेगळ्या यंत्रणांची माहिती एकत्र आणणाऱ्या, आयबीतल्या मल्टी एजन्सी सेंटरची फेररचनाही झाली. यंत्रणा कितीही जोडल्या तरी शेवटी कागद समोर घेऊन बसणारा माणूस लागतोच.

त्या माणसाच्या वाट्याला नाव येत नाही. १९८५च्या कायद्याने गुप्तवार्ता संघटनांतल्या कर्मचाऱ्यांच्या संघटना बांधण्यावर आणि वर्तमानपत्रांशी बोलण्यावर बंधनं आहेत. बदली देशात कुठेही होते. केलेलं काम घरी सांगता येत नाही, आणि टळलेल्या घटनेची बातमी होत नसते.

म्हणून अर्ज भरण्याआधी एक करा. आपल्या तालुक्यातल्या एखाद्या मोर्चाच्या किंवा बंदच्या बातम्या तीन ठिकाणांहून गोळा करा, प्रत्येकीचा मूळ उगम शोधा, दहा ओळींत अंदाज लिहा, तारीख घाला आणि घटना झाल्यावर ताडून पाहा. महिनाभर हे करून कंटाळा आला, तर केवळ ४४,९०० रुपयांसाठी या वाटेला जाऊ नका. कंटाळा आला नाही, तर पुढच्या जाहिरातीची वाट पाहा.