ओढ्याच्या दोन काठांवर

दोन गावांच्या जुन्या चुरशीवर लिहा, असं संपादकांनी सुचवलं, तेव्हा बोरीच्या बाराशिवाय दुसरं काही डोळ्यांपुढे आलंच नाही.

सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यात, लोणंदच्या बाजूला, सुखेड आणि बोरी ही अगदी शेजारची गावं. मध्ये ओढा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांतल्या बायका त्याच्या दोन काठांवर जमतात आणि एकमेकींना शिव्या घालतात; हाच बोरीचा बार. एका पाटलाच्या दोन बायका, एक सुखेडला, एक बोरीला. ओढ्यावर धुणं धुताना दोघींची जुंपली आणि दोघीही पाण्यात गेल्या, असं सांगतात. सवतींचं हे भांडण पुढे अख्ख्या गावांनी अंगावर घेतलं.

मला सगळ्यात नवल वाटतं ते त्या ओढ्याचं. आवाज पलीकडे पोचावा, पण हात पोचू नये, एवढंच त्याचं अंतर. डफडी, शिंगं वाजत असतात. पदर कमरेला खोचून बायका पुढे येतात, हात उंच करून बोटं नाचवतात. त्या दणक्यात निम्मी शिवी ऐकूच येत नाही, मग उरलेलं हातवाऱ्यांनी सांगायचं. एखादी तावातावानं पाण्यात उतरू लागली, की मागच्या दोघी तिचा दंड धरतात. पाऊस चांगला झाला असेल तर पाणीच दोन्हीकडच्यांना आवरतं. ओढा उतरलेला असला की ते काम पोलिसांवर आणि गावातल्या बाप्यांवर येतं.

शिमग्याला बोंब मारायची मुभा पुरुषांना असते. इथे ती बायकांना आहे, भरदिवसा, सासऱ्या-दिरांच्या देखत. म्हणून हा बार मला मोलाचा वाटतो. दोन गावांच्या अशाच दुसऱ्या चुरशीत, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पांढुर्णा आणि सावरगावचे लोक जाम नदीच्या पात्रात एकमेकांवर दगड फेकतात. त्या गोटमारीत माणसं मेली आहेत. बोरीच्या ओढ्यावरून फक्त शिव्याच जातात.

काळजी वाटते ती बघ्यांची. बार पाहायला बाहेरून माणसं येतात, वाहिन्यांचे कॅमेरे येतात आणि प्रत्येक हातात मोबाईल असतो. पूर्वी शिवी ओढ्यावरच विरून जायची. आता ती त्या बाईच्या चेहऱ्यासकट गावोगाव फिरते आणि जिथे पोचते तिथे ना तिचं गाव कुणाला ठाऊक, ना तिथली रीत. नव्यानं लग्न होऊन आलेल्या सुनेनं तोंड उघडण्याआधी समोरचे कॅमेरे मोजले, तर तिला दोष कसा द्यायचा? दुसरीकडे, ही शिवीगाळ बंदच करावी असं म्हणणारेही आहेत. त्यांचं मन राखायला उद्या ओढ्याकाठी भजनं आणि भाषणं ठेवली, तर बायकांची ही मोकळीक तेवढी जाईल, गर्दी आणि कॅमेरे तिथेच राहतील. दोन्ही गावांनी एकत्र बसून निदान काठाची जागा बायकांसाठी राखावी आणि चित्रण करणाऱ्यांना लांब, बायकांच्या पाठीमागे उभं करावं. श्रावण येण्याआधी हे ठरायला हवं.