ओळख बौद्धिक संपदेची – लेखांक ९ : मिळतंजुळतं नाव आणि कंपनीची नोटीस

गेल्या लेखांकात ट्रेडमार्कची नोंदणी कशी होते, ते आपण पाहिलं. प्रमाणपत्र हातात पडलं की काम संपलं, असं अनेक उद्योजक धरून चालतात. पण नावाची राखण मालकालाच करावी लागते. इंटरनेटवर तर फारच, कारण डोमेन नेम विकणारा रजिस्ट्रार ‘हे नाव तुमचंच का?’ असं विचारत बसत नाही. जो आधी पैसे भरेल, त्याला नाव मिळतं.

१९९९ मध्ये हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात आला. ‘रेडिफ’ या पोर्टलच्या नावातलं एकच अक्षर बदलून ‘रॅडिफ डॉट कॉम’ हे डोमेन घेतलं गेलं होतं. प्रतिवादींचा खुलासा असा : ‘रॅडिकल’ची पहिली तीन अक्षरं आणि पुढे ‘इन्फर्मेशन’, ‘फ्यूचर’ व ‘फ्री’ यांची आद्याक्षरं घेऊन आम्ही हे नाव बनवलं. न्यायालयाला ते पटलं नाही. डोमेन नेम हा नुसता पत्ता नसून त्याला ट्रेडमार्कइतकंच संरक्षण मिळायला हवं, असं सांगून न्यायालयाने रेडिफच्या बाजूने मनाई हुकूम दिला. पुढे २००४ मध्ये ‘सिफी’ या नावावरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही हेच तत्त्व मान्य केलं. ट्रेडमार्क कायद्यात डोमेनचा वेगळा उल्लेख नसला, तरी दुसऱ्याच्या नावलौकिकावर आपला माल खपवणं, म्हणजेच ‘पासिंग ऑफ’, इथेही लागू होतं.

प्रत्यक्षात कंपनी काय करते? आधी वकिलाची नोटीस जाते : वापर थांबवा, डोमेन आमच्या नावे करा. बरीच प्रकरणं इथेच मिटतात. नाही मिटलं, तर कोर्टात न जाताही एक वाट आहे. ‘डॉट कॉम’सारखं डोमेन घेताना आपण जो करार स्वीकारतो, त्यातच १९९९ पासूनच्या ‘यूडीआरपी’ या वादनिवारण धोरणाची अट असते. जिनिव्हातील जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे तक्रार करता येते. एका लवादासाठी, पाच डोमेनपर्यंत, शुल्क १,५०० डॉलर. ‘डॉट इन’साठी अशीच भारतीय व्यवस्था ‘निक्सी’ ही संस्था चालवते.

यूडीआरपीत तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. डोमेन त्याच्या ट्रेडमार्कशी इतकं मिळतंजुळतं आहे की गफलत व्हावी; समोरच्याचा त्या नावावर रास्त हक्क नाही; आणि डोमेन वाईट हेतूने घेतलं व वापरलं आहे. अगदी पहिल्याच निकालात, २००० मध्ये, हेतू उघडा पडला तो विक्रीच्या प्रस्तावामुळे. ‘वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन’च्या नावाचं डोमेन घेणाऱ्याने लगेच ते त्याच कंपनीला १,००० डॉलरला देऊ केलं होतं. या मार्गाने डोमेन रद्द होतं किंवा मालकाकडे जातं. नुकसानभरपाई मात्र हवी असेल, तर कोर्टाची पायरी चढावीच लागते.

छापील प्रकाशनांनाही हाच कायदा लागतो. लाल चौकटीतल्या मुखपृष्ठासह ‘टाइम एशिया संस्करण’ नावाचं हिंदी मासिक बाजारात आलं, तेव्हा ‘टाइम’च्या प्रकाशकांनी दिल्ली उच्च न्यायालय गाठलं. २००५ च्या निकालात न्यायालयाने भरपाईखेरीज ५ लाख रुपये दंडात्मक म्हणून लावले. लिपी बदलली, तरी स्टॉलवर उभ्या वाचकाची फसगत टळत नाही, हे त्यातून स्पष्ट झालं.

पण नाव घेतलं की गुन्हा झाला, असं मुळीच नाही. टाटांचा तेव्हा सहभाग असलेल्या ओडिशातील धामरा बंदरामुळे ऑलिव्ह रिडले कासवांना धोका आहे, असं सांगणारा एक ऑनलाइन खेळ ‘ग्रीनपीस’ने काढला. त्यात टाटांचं बोधचिन्ह होतं. टाटा सन्सने १० कोटींचा दावा लावून मनाई मागितली. जानेवारी २०११ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती नाकारली. तिथे बोधचिन्हाचा वापर माल खपवण्यासाठी नव्हता, सार्वजनिक हिताच्या प्रश्नावर टीका करण्यासाठी होता.

ही सीमारेषा मला अत्यंत मोलाची वाटते. ट्रेडमार्क ग्राहकाला फसवणुकीपासून वाचवतो, म्हणून त्याचा धाक हवाच. तोच धाक टीकाकाराचं, पत्रकाराचं किंवा आडनावाने दुकान चालवणाऱ्याचं तोंड बंद करायला वापरला जाऊ नये.

म्हणून नोटीस आली, तर घाबरून लगेच सही करू नका आणि ती कचऱ्यातही टाकू नका. त्यांची नोंदणी कोणत्या वर्गात आहे, ते तपासा. तुमचा वापर त्यांच्या वापराच्या आणि नोंदणीच्याही आधीचा आणि अखंड असेल, तर ट्रेडमार्क कायद्याचं कलम ३४ तुमच्या बाजूने आहे; जुनी बिलं, जाहिराती, पत्रव्यवहार जपून ठेवा. पोकळ धमक्या देणाऱ्याविरुद्ध कलम १४२ खाली तुम्हालाच दावा लावता येतो. आणि नवा व्यवसाय किंवा नियतकालिक काढत असाल, तर पाटी रंगवण्याआधी ट्रेडमार्कचा शोध घ्या. नाव ठरलं की डोमेन त्याच दिवशी घ्या.

(पुढील लेखांकात : कॉपीराइट – पुस्तकाचा हक्क लेखकाचा की प्रकाशकाचा?)