उन्हाळ्यात हवा कमी? मुळीच नाही!

मैत्रिणींनो, आपल्या गोंदियात आता कितीतरी जणी कार चालवतात. मुलांना शिकवणीला सोडतात, सासूबाईंना दवाखान्यात नेतात, सणावाराला तिरोड्याच्या नाहीतर आमगावच्या माहेरी स्वतःच जाऊन येतात. पण टायरचा विषय निघाला की ‘ते यांचं खातं’ म्हणून मोकळ्या! खरं तर प्रत्येक चाक रस्त्याला टेकतं ते जेमतेम तळहाताएवढं. अशा चार तळहातांवर आपलं अख्खं घर बसलेलं असतं.

आपल्याकडे हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, “वहिनी, उन्हाळा आहे, हवा कमीच ठेवा. नाहीतर टायर फुटेल.” हे चक्क उलटं आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते. त्या दबण्या-वाकण्यानं टायर आतून तापतो, त्याचे थर कमजोर होतात. त्यात मे महिन्याचं ४४-४५ अंशांचं ऊन, गाडीत पाच माणसं, डिकीत सामान आणि कोहमाऱ्याहून साकोली-भंडाऱ्याकडे जाणारा मोकळा महामार्ग. टायर फुटतो तो असा.

मग हवा किती? ड्रायव्हरचं दार उघडा. तिथं चौकटीवर बहुतेक गाड्यांना स्टिकर असतो, त्यावर पुढच्या-मागच्या चाकांचे आकडे दिलेले असतात. गाडी भरलेली असेल तर वेगळा आकडा. हवा तपासायची ती सकाळी, चाकं थंड असताना, पंधरा दिवसांतून एकदा. गाडी पळून आली की आकडा तीन-चारनं वाढलेला दिसतो. तो पाहून हवा सोडायची नाही! कंपनीनं ते धरूनच आकडा दिलेला असतो.

समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, तेव्हा टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या आपण वाचल्याच. २०२३ मध्ये तिथं परिवहन विभागानं टायर तपासायला घेतले, गोटा झालेल्या टायरच्या गाड्या अडवल्या. टायर गोटा झाला की नाही, हे आपल्यालाही कळतं. नक्षीच्या खोल खाचांत मध्ये मध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे १.६ मिलिमीटरच उरली, की टायर बदलायचा. कायदाही तेच सांगतो. बाजूला फुगवटा आला असेल तर नक्षी कितीही असो, तो टायर गेलाच.

मागच्या वर्षी मी टायर घ्यायला गेले तर दुकानदार म्हणाले, “मॅडम, साहेबांना पाठवा ना.” मी म्हटलं, “भाऊ, आधी तारीख दाखवा.” टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. ३२२४ म्हणजे २०२४ सालचा ३२वा आठवडा. दाखवलेल्या चारपैकी दोन टायर अडीच वर्षं जुने निघाले! मग आतून ताजे आले, माझ्यासाठी खुर्चीही आली. रबर नुसतं पडूनही म्हातारं होतं, म्हणून गाडी कमी चालत असली तरी पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर दाखवून घ्यावेत.

माप मात्र गाडीचं आहे तेच. १५५/८० आर १३ असं काही लिहिलेलं असतं. पहिला आकडा रुंदी, शेवटचा रिम. पुढचा ७९ वगैरे आकडा वजन पेलण्याचा, तो कमी चालत नाही. दिसायला छान म्हणून जाडे टायर घालण्याची हौस मला तरी पटत नाही.

दोनच नवे घेणार असाल तर ते मागे लावा. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, वेग कमी करून सावरता येते. मागची घसरली की गाडी गरकन फिरते. आणि आपल्याकडे रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल रस्त्यावर येतो, वर पावसाची भुरभुर. मुर्री काय नि गोरेगाव काय, तो रस्ता साबणासारखा होतो.

हो, आणि हवा भरताना डिकीतली स्टेपनीही बाहेर काढायला लावा. हवावाले भाऊ कंटाळा करतात, तरी.