अवयवदात्याची वेदना आणि शिथिलीकरणाचे व्यायाम

मूत्रपिंड किंवा यकृताचा भाग देणारा जिवंत दाता शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवसापर्यंत ठणठणीत असतो. इतर रुग्ण दुखणे घेऊन रुग्णालयात येतात आणि ते कमी करून घरी जातात. दात्याचे दुखणे शस्त्रक्रियेनंतरच सुरू होते. मूत्रपिंड मिळालेल्या रुग्णाला बरेचदा काही दिवसांतच तरतरी जाणवू लागते, तेव्हा शेजारच्या खोलीतला दाता कूस बदलतानाही कण्हत असतो. भारतात मूत्रपिंड प्रत्यारोपणांपैकी बहुसंख्य जिवंत दात्यांमुळे होतात. 1994 च्या कायद्याने आई-वडील, मुले, भावंडे आणि पती-पत्नी यांना जवळचे नातेवाईक मानले. 2011 च्या दुरुस्तीने आजी-आजोबा आणि नातवंडे त्यांत आली. प्रत्यक्षात दात्यांमध्ये स्त्रियांचे प्रमाण जास्त आहे. आई किंवा पत्नी दाता असेल, तर घरी परतल्यावर सगळ्यांचे लक्ष रुग्णाकडे लागते, तिचेही. ‘मला काही होत नाही’ असे म्हणून ती दुखणे अंगावर काढते. म्हणून दात्याच्या वेदनेचा विचार स्वतंत्रपणे व्हायला हवा.

मूत्रपिंड काढण्यासाठी पूर्वी कमरेच्या बाजूने मोठा छेद घ्यावा लागे, काही वेळा बरगडीचा तुकडाही काढावा लागे. 1995 मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात लॉइड रॅटनर आणि लुई कावूसी यांनी दात्याचे मूत्रपिंड प्रथमच दुर्बिणीने काढले. आता बहुतेक मोठ्या केंद्रांत हीच पद्धत आहे: पोटावर काही बारीक छिद्रे, आणि मूत्रपिंड बाहेर काढण्यासाठी बहुधा ओटीपोटावर एक आडवा छेद. या छेदाजवळ दुखते हे समजण्यासारखे आहे. पण अनेक दात्यांना खांदा दुखतो आणि त्याने ते घाबरतात. शस्त्रक्रियेच्या वेळी पोट फुगवण्यासाठी कार्बन डायऑक्साइड भरतात. त्यामुळे श्वासपटल ताणले जाते व चुरचुरते. श्वासपटलाच्या आणि खांद्याच्या संवेदना मानेतल्या त्याच मज्जातंतूंच्या मुळांकडे जातात, म्हणून मेंदूला ते दुखणे खांद्यात असल्यासारखे वाटते. दोन-तीन दिवसांत ते ओसरते. यकृतदात्याचा छेद मोठा असतो आणि उजव्या बरगड्यांखाली ओढ बसत राहते, म्हणून त्याचे बरे होणेही लांबते.

वेदना वाढते ती मात्र केवळ जखमेमुळे नाही. दुखेल या भीतीने माणूस पोट आवळून धरतो, खांदे वर ओढतो, श्वास वरवर घेतो. आवळलेले स्नायू थकून स्वतःच दुखू लागतात. अपुऱ्या श्वासामुळे फुप्फुसाचा तळ नीट उघडत नाही, कफ साचतो, खोकला येतो आणि खोकला टाक्यांवर ताण आणतो. रात्री झोप लागली नाही की सकाळी तेच दुखणे अधिक तीव्र भासते. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार वेदनेचे संदेश मज्जारज्जूत जणू एका दारातून जातात आणि मेंदूकडून येणारे संदेश ते दार कमी-जास्त उघडू शकतात. या सिद्धान्तात पुढे बरेच बदल झाले, तरी भीती, लक्ष आणि ताण यांनी वेदना बदलते हा मुद्दा टिकून आहे. शिथिलीकरणाचा उपयोग होतो तो इथेच.

सर्वांत आधी श्वास. पाठीवर, डोके व खांदे थोडे उंच ठेवून, गुडघ्यांखाली उशी घेऊन झोपले की पोटाचे स्नायू सैल पडतात. एक हात छातीवर आणि एक बेंबीच्या वर, टाक्यांना न लागेल असा ठेवावा. नाकाने सावकाश श्वास घ्यावा आणि त्याहून लांब उच्छ्वास सोडावा. मनात चारपर्यंत मोजत घ्यावा, सहापर्यंत मोजत सोडावा, इतके पुरे. लांब उच्छ्वासाने हृदयाची गती जरा मंदावते आणि आवळलेले पोट आपोआप सुटते. श्वास रोखून धरू नये. रुग्णालयात तीन गोळ्यांचे स्पायरोमीटर देतात, त्याचा सराव वेगळा असून तोही करावाच.

दुसरा व्यायाम शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन यांचा. 1929 मध्ये त्यांनी ‘प्रोग्रेसिव्ह रिलॅक्सेशन’ या पुस्तकात तो मांडला. स्नायूंचा एकेक गट काही सेकंद घट्ट करायचा, मग सोडून द्यायचा आणि सुटल्यावर काय वाटते याकडे लक्ष द्यायचे. मुठी, हात, खांदे, कपाळ, जबडा, मांड्या, पोटऱ्या असे क्रमाने जाता येते. दात्यासाठी यात एक बदल अत्यावश्यक आहे: पोट, कंबर आणि छेदाजवळचा भाग आवळायचा नाही, तिथे फक्त मनाने लक्ष नेऊन तो भाग सैल सोडायचा. सर्वांसाठी तयार केलेली ध्वनिफीत लावली की ‘पोट घट्ट करा’ अशी सूचना येतेच. दात्याने ती वगळावी.

महाराष्ट्राला या विषयाची जुनी ओळख आहे. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापून योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी शवासनाचा उच्च रक्तदाबावरील परिणाम तपासून 1969 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तो अभ्यास वेदनेचा नव्हता. पण शांत पडून श्वासाकडे लक्ष देण्याचा शरीरावर परिणाम मोजता येतो, हे त्यातून पुढे आले. टाके ताजे असताना सपाट शवासन अवघड जाते, त्यामुळे वर सांगितलेली उशांची बैठक घ्यावी. योगनिद्रा किंवा मंद स्वरातली भ्रामरीही चालते. कपालभाती, भस्त्रिका, उड्डियान बंध आणि कुंभक मात्र शल्यविशारद परवानगी देईपर्यंत पूर्ण बंद. ‘प्राणायामच तर आहे’ असे म्हणून पोटाला झटके देणारी क्रिया सुरू करणे धोक्याचे आहे.

हे सारे शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा शिकायला बसले तर जमत नाही. दुखत असताना नवी गोष्ट शिकण्याइतका धीर कुणाला असतो? दात्याच्या तपासण्या आणि कागदपत्रांना काही आठवडे लागतात. तेवढ्या काळात रोज पंधरा-वीस मिनिटे सराव केला तर शरीराला सवय होते. प्रत्यारोपण केंद्रांनी तपासण्यांच्या यादीबरोबर हेही शिकवावे, कारण त्याला खर्च जवळपास नाही. नंतर वेदनाशामक घेतल्यावर अर्ध्या तासाने, कूस बदलण्याआधी, चालायला उठण्याआधी आणि झोपताना हे व्यायाम विशेष उपयोगी पडतात. उठताना आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि हातांच्या आधाराने बसावे. खोकताना उशी पोटाशी घट्ट धरावी.

शिथिलीकरण औषधांची जागा घेत नाही. त्यावरचे अभ्यास बहुतांशी लहान असून परिणामही माफक आढळतो. पण दात्याच्या बाबतीत माफक फायदाही मोलाचा आहे. एकाच मूत्रपिंडावर भार नको म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या त्याला सहसा टाळायला सांगतात, आणि अफूवर्गीय औषधांनी बद्धकोष्ठता होऊन कुंथताना टाके दुखतात. यकृतदात्याने तर पॅरासिटामॉलचे प्रमाणही डॉक्टरांनाच विचारावे.

दिवसागणिक वेदना कमी होत जाणे अपेक्षित आहे. ती वाढू लागली, ताप आला, जखम लाल होऊन वाहू लागली, एका पोटरीला सूज आली, धाप लागली, उलट्या थांबेनात किंवा डोळे पिवळे दिसले, तर ते श्वासाने शांत करण्याचे दुखणे नव्हे. त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राशी संपर्क साधावा, आणि धाप लागली असेल तर थेट तातडीच्या विभागात जावे.