पाटीला हलायला जागा ठेवा

नागपुरात मे महिन्यात पारा ४६ अंशांवर जातो आणि २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे तो ३.५ अंशांवर उतरला होता. हे झालं हवेचं तापमान. पश्चिमेकडे तोंड असलेल्या दुकानावरचा काळा किंवा गडद निळा बोर्ड मेच्या दुपारी सत्तरच्या आसपास तापतो, त्याला हात लावून ठेववत नाही. एकच पाटी वर्षभरात साठ अंशांचा चढउतार सोसते. बोर्ड करायला टाकताना रंग, अक्षरं, दिवे, चौरस फुटाचा भाव यांवर तासभर घासाघीस होते. तो बसवणार कसा, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही, आणि पुष्कळ चांगले बोर्ड तिथेच वाया जातात.

आठ फुटी अॅक्रिलिक शीट घ्या. साठ अंशांच्या फरकानं ती सुमारे १० मिलिमीटर लांबते-आखडते; कारागिरांच्या मापात तीन सुतांहून थोडं जास्त. तेवढंच अॅल्युमिनियम साडेतीन मिलिमीटर हलतं, तर मागच्या चौकटीचा लोखंडी पाईप जेमतेम पावणेदोन. शीट आणि चौकट यांची चाल अशी वेगळी असताना आपण दोघांना स्क्रूनं जखडून टाकतो. मग उन्हाळ्यात शीटला पोट येतं, आणि हिवाळ्यात आखडताना सगळा ताण भोकांच्या काठावर येतो. कोपऱ्यातल्या स्क्रूपासून तिरकी निघालेली चीर पाहिली असेल, ती यामुळेच. दुकानदार म्हणतो, माल हलका निघाला. माल बहुतेक वेळा ठीक असतो.

उपाय साधा आहे. मधलं एकच भोक स्क्रूच्या मापाचं ठेवायचं. पाटी तिथे धरलेली राहील आणि दोन्हीकडे सारखी सरकेल. टोकाची भोकं लांबट पाडायची. पाच मिलिमीटरचा स्क्रू असेल तर आठ फुटी शीटच्या टोकाला बारा मिलिमीटर लांबीचं भोक हवं, वरून ते झाकणारा रुंद वायसर आणि खाली रबराचा. स्क्रू लागला की अर्धा फेरा मागे घ्यायचा. खोलगट डोक्याचा, शीटमध्ये बुडणारा स्क्रू अॅक्रिलिकला लावूच नये, तो पाचरीसारखा भोक फाडतो. आणि एक बारकावा: काम मेच्या उन्हात होत असेल तर शीट आधीच लांबलेली असते, म्हणून लांबट भोकात स्क्रू पाटीच्या मध्याकडच्या टोकाला ठेवावा; डिसेंबरच्या सकाळी बसवत असाल तर बाहेरच्या टोकाला. एवढं सांभाळणारा कारागीर भेटला तर त्याला दोन पैसे जास्त द्यावेत.

विदर्भ-मराठवाड्यात मोठ्या पाटीसाठी माझी पसंती एसीपीला, म्हणजे अॅल्युमिनियम कॉम्पोझिट शीटला. तिचे दोन्ही पृष्ठभाग अॅल्युमिनियमचे असल्यानं चालही जवळपास अॅल्युमिनियमची. फक्त दोन शीटच्या मध्ये फट सोडून ती सिलिकॉननं भरावी. पॉलिकार्बोनेट अॅक्रिलिकइतकंच हलतं, पण सहसा तडकत नाही. सनबोर्ड घराबाहेर नकोच. फ्लेक्स उन्हात सैल पडून झोळ खातं.

जुन्या बाजारांत अजून कुठे कुठे एनॅमलच्या पाट्या दिसतात, त्या या विषयातला उत्तम धडा आहेत. लोखंडाच्या पत्र्यावर काचेची भुकटी पसरून सुमारे आठशे अंशांना ती वितळवतात. काच आणि लोखंड एकत्र, तरी ऊन-थंडीनं ती पाटी तडकत नाही, कारण ती काच लोखंडापेक्षा किंचित कमी आखडेल अशी मुद्दाम बनवलेली असते. भट्टीतून निघून थंड होताना लोखंड काचेला चारी बाजूंनी दाबून धरतं, आणि दाबात असलेली काच मजबूत असते. दगड लागला तरच टवका उडतो. जोडीतल्या दोन पदार्थांचा मेळ आधी बघायचा, हे त्या कारखान्यांना पक्कं ठाऊक होतं.

मुंबई-कोकणात दुखणं वेगळं. तिथे तापमान फार हलत नाही, खारी हवा मात्र खाते. अॅल्युमिनियममध्ये साधा लोखंडी स्क्रू ठोकला की गंजाचे ओघळ पाटीवर उतरतात. समुद्राजवळ ३१६ प्रतीचं स्टेनलेस स्टील घ्यावं. मराठी पाट्यांसाठी सर्वोच्च न्यायालयानं २०२३ च्या सप्टेंबरात मुंबईच्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली होती. त्या घाईत बसवलेल्या पाट्यांचे स्क्रू यंदा शिडी लावून एकदा बघून घ्यावेत.

अक्षरं चिकटवायची असतील तर दुहेरी फोमटेप चांगली, ती थोडी हालचाल पोटात घेते. पण पृष्ठभाग स्वच्छ पुसलेला हवा, गारठ्यात ती नीट धरत नाही, आणि पूर्ण पकड यायला सुमारे तीन दिवस लागतात. सिलिकॉन घेताना व्हिनेगरसारखा वास येणारं टाळा, त्यातलं आम्ल धातूला गंज आणतं. दुकानात ‘न्यूट्रल’ म्हणून मागितलं की मिळतं. पेटीच्या बोर्डला खालच्या कडेला पाणी निघायला दोन भोकं ठेवायला सांगा आणि हे सगळं कोटेशनवर लिहून घ्या.