रक्ततपासणीच्या अहवालाचे वाचन : अवटु-न्यूनतेच्या उपचारासंदर्भात

भाषेच्या अभ्यासकाने वैद्यकाच्या प्रांतात पाऊल टाकणे म्हणजे अव्यापारेषु व्यापार होय, असे कोणास वाटल्यास त्यात नवल नाही. तथापि प्रस्तुत लेखाचा विषय रोगचिकित्सा हा नसून वाचन हा आहे. रक्ततपासणीचा अहवाल हाही एक लेखच असतो. त्यात चिन्हे असतात, त्या चिन्हांना संकेताने ठरलेले अर्थ असतात, आणि संदर्भ सुटला की त्या अर्थाचा अनर्थ होतो.

लेखास निमित्त झाले ते घरातलेच. प्रस्तुत लेखकाच्या मावशी अवटु ग्रंथीच्या न्यूनतेसाठी कित्येक वर्षे रोज सकाळी थायरॉक्सिनची गोळी घेत असत. एका अहवालात टी. एस. एच. या नावापुढे ९ हा आकडा आणि शेजारी 'अधिक' अशी खूण आली. 'थायरॉइड वाढला' असे घरात म्हटले गेले. जे वाढले आहे ते कमी करावयाचे तर गोळी कमी केली पाहिजे, असा सरळ तर्क करून मावशींनी गोळी अर्धी केली. डॉक्टरांना विचारावे असे कोणास वाटले नाही. प्रस्तुत लेखकासही नाही. पुढील चार महिन्यांत त्यांच्या चेहऱ्यावर सूज आली, भर उन्हाळ्यात शाल लागू लागली आणि आवाज जड व घोगरा झाला. ध्वनींचा अभ्यास हाच ज्याचा व्यवसाय, त्याने तो आवाज दर आठवड्यास ऐकला आणि वयाचा परिणाम म्हणून सोडून दिला. पुन्हा तपासणी झाली तेव्हा तो आकडा ४० च्या पुढे गेला होता. पुढे योग्य मात्रेने मावशी बऱ्या झाल्या. परंतु त्यास अर्धे वर्ष लागले. चूक आकड्यात नव्हती, आकड्याच्या वाचनात होती.

१. शब्दाची संदिग्धता

'मला थायरॉइड आहे', 'तिचा थायरॉइड वाढला' ही वाक्ये आता मराठीत रूढ झाली आहेत. वस्तुतः थायरॉइड प्रत्येकास असतो. ते गळ्याच्या पुढील भागातील एका ग्रंथीचे नाव आहे. दाराएवढ्या मोठ्या ढालीस ग्रीक भाषेत जो शब्द होता, त्यावरून टॉमस व्हार्टन याने १६५६ साली हे नाव योजिले. आपल्याकडे परिभाषेत 'अवटु' हा शब्द रुळला आहे. संस्कृत कोशांत त्याचा अर्थ मानेचा मागील भाग असा आहे, आणि ग्रंथी तर मानेच्या पुढे आहे. परंतु संज्ञा संकेताने चालते, व्युत्पत्तीने नव्हे. म्हणून यात काही बिघडत नाही.

बिघडते ते 'वाढला' या क्रियापदाने. त्याचा कर्ता कोण, हे वाक्यातून कळत नाही. ग्रंथीचा आकार वाढला, ग्रंथीचे कार्य वाढले, की रक्तातील एखाद्या द्रव्याचा आकडा वाढला? या तीन अर्थांपैकी पहिला गलगंडाचा, दुसरा अतिक्रियेचा. तिसरा मात्र, तो आकडा टी. एस. एच. चा असेल तर, बहुधा न्यूनक्रियेचा, म्हणजे दुसऱ्याच्या अगदी उलट. एकाच वाक्यात परस्परविरुद्ध अर्थ सामावले, आणि ऐकणाऱ्याने चुकीचा अर्थ घेतला.

२. दोन द्रव्ये : मागणी आणि पुरवठा

हा विरोध समजण्यासाठी ग्रंथीची व्यवस्था थोडक्यात पाहिली पाहिजे. अवटु ग्रंथी मुख्यतः थायरॉक्सिन, म्हणजे टी-४, हे संप्रेरक तयार करते. त्यातील बऱ्याच भागाचे शरीराच्या निरनिराळ्या पेशींत टी-३ या अधिक प्रभावी संप्रेरकात रूपांतर होते. ग्रंथीने किती काम करावे, हे मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी ठरविते, आणि त्यासाठी ती टी. एस. एच. हे दुसरे संप्रेरक रक्तात सोडते. थायरॉक्सिन पुरेसे असले की टी. एस. एच. कमी सोडले जाते. अपुरे पडले की अधिक सोडले जाते. सारांश, थायरॉक्सिन हा पुरवठा होय आणि टी. एस. एच. ही मागणी होय. मागणी वाढली याचा अर्थ पुरवठा अपुरा आहे. मावशींच्या अहवालातील 'अधिक' ही खूण गोळी अपुरी पडत असल्याचे सांगत होती.

मागणी मोजता येणे हे तुलनेने अलीकडचे आहे. जॉर्ज मरे याने १८९१ साली इंग्लंडात मेंढीच्या ग्रंथीच्या अर्काने एका स्त्रीवर यशस्वी उपचार केला. केंडल याने १९१४ साली थायरॉक्सिन शुद्ध रूपात वेगळे केले आणि १९२७ साली हॅरिंग्टन व बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत संश्लेषित केले. तरीही मात्रा ठरविण्यास आधार होता तो रुग्णाच्या लक्षणांचा, चयापचयाच्या मूलभूत वेगाचा आणि रक्तातील प्रथिनबद्ध आयोडिनाचा. यालो व बर्सन यांनी १९६० च्या सुमारास सिद्ध केलेल्या किरणोत्सारी प्रतिरक्षामापन पद्धतीमुळे सूक्ष्म प्रमाणातील संप्रेरके मोजणे शक्य झाले, आणि त्याच दशकात टी. एस. एच. चेही मापन होऊ लागले. त्या कार्याबद्दल रोझलिन यालो यांना १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन त्यापूर्वीच, १९७२ साली, निवर्तले होते.

३. आकडा, एकक आणि मर्यादा

अहवालातील प्रत्येक ओळीचे तीन घटक असतात : आकडा, एकक आणि संदर्भमर्यादा. यांपैकी कोणताही एक घटक वगळून उरलेल्या दोहोंचा अर्थ लागत नाही.

एककाचे उदाहरण घेऊ. मुक्त टी-४ भारतातील बहुतेक प्रयोगशाळा नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर या एककात देतात, तर ब्रिटनमध्ये तो पिकोमोल प्रति लिटर या एककात देतात. येथील १·२ हा आकडा तेथे सुमारे १५·४ असा येतो. मुलाकडे परदेशी गेलेल्या आईच्या हाती तेथील अहवाल पडला, तर तिचा टी-४ बारा-तेरा पटींनी वाढल्याचा भास होईल. वास्तविक दोन्ही आकडे एकाच वस्तुस्थितीचे वर्णन करतात. टी. एस. एच. च्या बाबतीत ही अडचण नाही. मिलि-एकके प्रति लिटर आणि मायक्रो-एकके प्रति मिलिलिटर यांत आकडा तोच राहतो.

'मुक्त' या विशेषणाकडेही लक्ष दिले पाहिजे. रक्तातील थायरॉक्सिन जवळजवळ सर्वच प्रथिनांना बद्ध असते. हजारात एकाहूनही कमी भाग मुक्त असतो, आणि पेशींना उपयोगी पडतो तो हाच. गरोदरपणात किंवा संततिनियमनाच्या गोळ्यांमुळे ही प्रथिने वाढली की एकूण टी-४ वाढलेले दिसते. परंतु त्यावरून मुक्त टी-४ वाढले असे ठरत नाही.

आता मर्यादा. टी. एस. एच. ची संदर्भमर्यादा प्रयोगशाळेनुसार थोडी बदलते. सामान्यतः ती ०·४ ते ४ किंवा ४·५ अशी असते. ही मर्यादा निरोगी माणसांच्या मोठ्या समूहातील मधल्या शेकडा ९५ जणांवरून ठरवितात. अर्थात् शंभर निरोगी माणसांपैकी सुमारे पाच जण या व्याख्येनेच मर्यादेबाहेर पडतात. भाषाशास्त्रात 'प्रमाण' या शब्दाचे दोन अर्थ आपण वेगळे ठेवितो : बहुसंख्य लोक बोलतात ते, आणि बोलावे असे कोणी ठरविले आहे ते. संदर्भमर्यादा ही पहिल्या प्रकारची आहे. वाचणारा मात्र ती दुसऱ्या प्रकारची समजतो. वयोमानाप्रमाणे टी. एस. एच. ची वरची मर्यादा स्वभावतःच चढते. म्हणून ऐंशी वर्षांच्या गृहस्थाचा ५·५ हा आकडा आणि तिशीतील स्त्रीचा तोच आकडा यांचा अर्थ एक नव्हे.

शिवाय टी. एस. एच. चे मान सरळ प्रमाणात बदलत नाही. मुक्त टी-४ मध्ये झालेल्या थोड्या बदलाला ते कित्येक पटींनी प्रतिसाद देते. म्हणून ४० हा आकडा ४ च्या दहापट आजार दर्शवितो, असे समजू नये. उलटपक्षी २·५ चे ३·२ झाले म्हणून चिंता करण्याचेही कारण नाही; टी. एस. एच. रात्री अधिक व दुपारी कमी असते, आणि एवढा फरक निरोगी माणसातही दिवसागणिक पडतो. तुलना करावयाची तर प्रयोगशाळा व वेळ शक्यतो एकच असावी.

४. काळाचा विचार

आकड्यांचा काळ ओळखणे हा वाचनातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. रक्तातील थायरॉक्सिन निम्मे होण्यास सुमारे सात दिवस लागतात. मात्रा बदलल्यानंतर नवी स्थिती स्थिर होण्यास पाच-सहा आठवडे जातात, म्हणून पुढील तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करितात. दहाव्या दिवशी केलेली तपासणी जुन्या व नव्या मात्रेचे मिश्रण दाखविते, आणि तिच्यावरून मात्रा पुन्हा बदलणे म्हणजे वाक्य पुरे होण्यापूर्वी त्यास उत्तर देणे होय.

यातून एक विशेष लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट निष्पन्न होते. मुक्त टी-४ अलीकडच्या दिवसांचा वृत्तान्त सांगते, टी. एस. एच. गेल्या कित्येक आठवड्यांचा. गोळ्या महिनाभर अनियमित घेतल्या आणि तपासणीपूर्वी चार दिवस मात्र नेमाने घेतल्या, तर टी-४ समाधानकारक येते, टी. एस. एच. मात्र उंचच राहते. अनुभवी डॉक्टरांना अशा विसंगतीत प्रथम हीच शंका येते. रुग्णाने येथे खरे सांगणे अगत्याचे आहे. अन्यथा मात्रा विनाकारण वाढविली जाते. गोळी घेतल्यानंतर काही तास मुक्त टी-४ थोडे चढते, यासाठी रक्त देऊन झाल्यावर त्या दिवसाची गोळी घेणे बरे.

गोळी नियमित घेऊनही ती पोटात नीट शोषली जाणे आवश्यक असते. ती उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा, कॉफी व न्याहारी यांपूर्वी अर्धा ते एक तास जाऊ द्यावा. लोह आणि कॅल्शियम यांच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने घ्याव्यात. मावशींचे मूळचे ९ कशाने झाले, याचा शोध घेता आढळले की हाडांसाठी नव्याने सुरू केलेली कॅल्शियमची गोळी त्या याच गोळीबरोबर घेत होत्या. मात्रा कमी करण्याची तर नव्हेच, वाढविण्याचीही कदाचित् गरज नव्हती.

५. संदर्भ बदलला की अर्थ बदलतो

तीन प्रसंगी नेहमीचे वाचन फसते.

पहिला प्रसंग गरोदरपणाचा. प्रारंभीच्या महिन्यांत गर्भ आईच्याच थायरॉक्सिनवर अवलंबून असतो. या काळात मर्यादा निराळ्या असतात; उपचार चालू असलेल्या स्त्रीचे टी. एस. एच. साधारणतः २·५ च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न करितात. मात्रेची गरजही बहुधा शेकडा २५ ते ३० इतकी वाढते. अहवालावर छापलेली सर्वसामान्य मर्यादा येथे दिशाभूल करू शकते. म्हणून दिवस गेल्याचे कळताच, पुढील ठरलेल्या तपासणीची वाट न पाहता, डॉक्टरांना कळवावे.

दुसरा प्रसंग पोष ग्रंथीच्याच विकाराचा. बाळंतपणात अतिरक्तस्राव झाल्याने या ग्रंथीस इजा पोहोचते, याचे वर्णन शीहान याने १९३७ साली केले. येथे मागणी करणारीच दुबळी झाल्याने टी-४ कमी असूनही टी. एस. एच. वाढत नाही. एकट्या टी. एस. एच. वर विसंबणारा वाचक अशा रुग्णास निरोगी ठरवील. या रुग्णांची मात्रा मुक्त टी-४ वरून ठरवावी लागते.

तिसरा प्रसंग बायोटिनचा. या विकारात केस गळतात. केसांसाठी म्हणून बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेतल्या जातात. आणि काही तपासणी-पद्धतींत तेच बायोटिन मापनात शिरून टी. एस. एच. खोटे कमी व टी-४ खोटे अधिक दाखविते. मात्रा जास्त झाल्याचा आभास होऊन ती कमी केली जाण्याचा धोका येथे आहे. तपासणीपूर्वी किमान दोन दिवस, किंवा डॉक्टर सांगतील तितके दिवस, बायोटिन बंद ठेवावे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. टी. एस. एच. खरोखरच फार कमी असेल, तर मात्रा अधिक होत असण्याचा संभव असतो. थकवा जावा म्हणून आपल्या मनाने गोळी वाढविणे हे म्हणून तितकेच अहितकारक होय; वृद्धांत त्यामुळे हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो.

६. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येईल की, अहवाल कळण्यासाठी अधिक तपासण्यांची नव्हे, तर अधिक संदर्भाची गरज असते. नेहमीच्या उपचारात टी. एस. एच. आणि गरजेनुसार मुक्त टी-४ एवढे बहुधा पुरते. टी-३ बराच काळ मर्यादेत टिकून राहत असल्याने मात्रा ठरविण्यास ते फारसे उपयोगी नाही. प्रतिपिंडांची तपासणी विकाराचे कारण सांगते. ते एकदा कळल्यावर ती वारंवार करण्याने काही साधत नाही.

मावशींच्या अहवालांच्या समासात आता चार गोष्टी लिहिलेल्या असतात : चालू मात्रा व ती सुरू केल्याची तारीख, महिन्याभरात चुकलेल्या गोळ्या, सोबतची इतर औषधे, आणि रक्त दिल्याची वेळ. जुने अहवाल तारीखवार एकत्र ठेविले आहेत. कारण एकच आकडा फार थोडे सांगतो, आकड्यांची मालिका पुष्कळ सांगते. डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर जाते. 'थायरॉइड वाढला' हा प्रयोग मात्र घरातून अद्याप गेलेला नाही. तो कोणी केला की मावशी आता विचारतात, 'काय वाढले, ग्रंथी की टी. एस. एच.?'