शहराचा आराखडा नगरसेवक ठरवतात?

“74व्या घटनादुरुस्तीनं शहराचं नियोजन महापालिकेच्या हाती दिलं. आता शहर बिघडलं तर दोष नगरसेवकांचा.” मुंबईच्या भवितव्याची कुठलीही चर्चा निघाली की हे ऐकावं लागतंच. जाणती माणसंही ते इतक्या ठामपणे सांगतात की चीड येते. कारण या समजामुळे जाब भलत्याच दारात विचारला जातो आणि निर्णय घेणारा नामानिराळा राहतो.

वस्तुस्थिती वेगळी आहे. 1 जून 1993 पासून लागू झालेल्या या दुरुस्तीनं दर पाच वर्षांनी निवडणूक, महिलांना किमान एक तृतीयांश जागा आणि राज्य निवडणूक आयोग या गोष्टी बंधनकारक केल्या. अधिकारांचं तसं नाही. बाराव्या अनुसूचीतल्या 18 कामांत पहिलंच काम नगर नियोजनाचं आहे. पण त्यातलं काय आणि किती महापालिकांना द्यायचं, हे अनुच्छेद 243 डब्ल्यूनं राज्यांच्या विधिमंडळांवर सोपवलं. महाराष्ट्रात नियोजन आजही 1966च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना (एमआरटीपी) कायद्यानुसारच चालतं.

तो कायदा काय सांगतो? महापालिका प्रारूप आराखडा करते आणि हरकती-सूचना मागवते. त्या ऐकणाऱ्या नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य असतात. त्यांच्या जोडीला जास्तीत जास्त चार जण नगररचना संचालक, म्हणजे राज्याचाच अधिकारी, नेमतो. सभागृहानं काहीही ठरवलं तरी कलम 31प्रमाणे अंतिम मंजुरी राज्य सरकारची. मंजुरीनंतरही कलम 37खाली सरकार स्वतःहून फेरबदल करू शकतं आणि कलम 154खाली महापालिकेला निर्देश देऊ शकतं.

मुंबईचा 2034पर्यंतचा आराखडा याच वाटेनं गेला. फेब्रुवारी 2015मध्ये प्रारूप आलं. रेल्वे स्थानकांजवळ 8पर्यंत एफएसआय (चटई क्षेत्र निर्देशांक) आणि नकाशांतल्या ढोबळ चुका यांवरून गदारोळ उठला आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी ते नव्यानं करायला लावलं. सुधारित प्रारूप 2016मध्ये आलं, सभागृहानं ते जुलै 2017मध्ये संमत केलं आणि आराखडा प्रत्यक्ष लागू झाला सप्टेंबर 2018मध्ये, राज्याच्या मंजुरीनंतरच. शिवाय संपूर्ण मुंबई महापालिकेच्या नियोजनाखाली नाहीच. वांद्रे-कुर्ला संकुलाचं नियोजन मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (एमएमआरडीए), झोपडपट्टी पुनर्वसनाच्या क्षेत्रांचं झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाकडे (एसआरए). आणि या दोन्ही संस्था राज्य सरकारच्या. मग नगरसेवकाला किती दोष द्यायचा?

आता बाकीचे समज थोडक्यात.

“महापौर शहराचा कारभार चालवतो.” नाही. मुंबईत 1888च्या महापालिका कायद्यानुसार कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आहेत आणि आयुक्त राज्य सरकार नेमतं. हे अधिकार महापौर परिषदेकडे देण्याचा प्रयोग 1998मध्ये झाला आणि वर्षभरातच गुंडाळला गेला.

“महानगराचा आराखडा लोकनियुक्त समिती करते.” महानगर नियोजन समितीत दोन तृतीयांश सदस्य निवडून आलेले असावेत, असं घटना सांगते. तरी मुंबई महानगराचा 2016–36चा प्रारूप आराखडा एमएमआरडीएनं केला.

“नगरसेवक नसले की नियोजन थांबतं.” मार्च 2022मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली. त्यापुढे तीन वर्षांहून अधिक काळ सभागृहाचे अधिकार प्रशासकानं वापरले.

“आराखड्यात जागेवर आरक्षण पडलं, म्हणजे मैदान मिळालं.” दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक एमआरटीपीच्या कलम 127ची नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरच्या मुदतीतही संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं.

याचा अर्थ नगरसेवकांना मोकळं सोडावं, असा नाही. रस्ता, गटार, कचरा यांचा जाब त्यांनाच विचारा. पण वॉर्डातल्या मैदानाचं आरक्षण बदललं, एफएसआय वाढला, तर आमदाराला आणि नगरविकास खात्याला गाठा. कलम 37ची सूचना निघाली की हरकतीसाठी जेमतेम महिनाभराची मुदत असते. आपल्या जागेचा सिटी सर्व्हे नंबर शोधा, महापालिकेकडून डीपी रिमार्क (त्या जागेबद्दलचा आराखड्यातला शेरा) काढून घ्या आणि मुदतीत लेखी हरकत नोंदवून तिची पोच जपून ठेवा.